बारा-तेराचा पाना

खालच्या रांगेतला एक आरसा चमकला आणि गुंडाळी उलगडता उलगडता उत्तमसिंग थबकला.

पान्यांची ती गुंडाळी त्याच्या बायकोनं, रुख्मिणीबाईनं, जुन्या घागऱ्याच्या कापडातून शिवली होती. एकवीस कप्पे आणि प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी एक आरसा. पाना जागेवर असला की आरसा झाकला जायचा. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात भंगारवाल्यांपुढे उकिडवं बसून बारा वर्षांत त्यानं एकेक पाना जमवला होता. बायकोला मात्र हात लावायची बंदी. कप्पे तिनं शिवावेत, मिजास यानं करावी.

आज बारा-तेराचा कप्पा रिकामा होता.

सकाळी त्यानं दारातच जीप उघडली होती. पाय उचलला तरी इंजिनाचा वेग उतरत नव्हता. लांब पेचकस कानाला लावून त्यानं दुखणं हुडकलं, ॲक्सिलेटरची सळई खोलली, घासली, तेल दिलं. परत बसवत होता तेवढ्यात शेजारच्या गुलाबसिंगनं चहाला हाक मारली. चहा पिऊन आला तर रुख्मिणीबाई इंजिनाकडे बोट दाखवून काही सांगू लागली.

"काहून मधीमधी करून राहिलीस? पान्यातलं तुला काय कळते?" असं खेकसून त्यानं बॉनेट आपटलं. पोरगा विकास तांड्यातल्या नऊ बाया घेऊन गोरेगावच्या बाजाराला निघाला. दहावी रुख्मिणीबाई.

म्हणजे पाना आतच राहिला! सळईत अडकला तर गाडी आवरायची नाही, आणि पुढं पुलाचा उतार. तांड्यातला एकुलता एक फोन महिनाभर मुका होता.

उत्तमसिंग पळत सुटला. चप्पल कुठं गळाली, कळलंच नाही. पळता पळताच तो सेवाभायाला, तांड्याच्या दैवताला, नवस बोलला. प्रत्येक वळणावर त्याला उलटलेली जीप दिसायची, जवळ गेलं की ती बाभळ निघायची.

उताराच्या तोंडाशी जीप उभी होती. बॉनेट उघडं. बाया सावलीला बसलेल्या. विकास मान खाली घालून उभा, आणि इंजिनात कोपरापर्यंत हात घातलेली रुख्मिणीबाई.

"पाना!" तो धापा टाकत ओरडला. "म्या पाना आत इसरलो!"

"पाना न्हाई इसरले तुमी," ती हात पुसत म्हणाली. "सळईचा नट आवळायचं इसरले. निसता बोटानं लावून चहाला गेलते. तुमी ऐकंना, ह्यो बी ऐकंना. उतार दिसला तवा कुठं थांबला. पाना मीच कमरेला खोचून आणला."

तो तिथंच धुळीत बसला.

तिनं पाना पुढं केला. त्यानं घेतला नाही. पाना तिच्याच कमरेला राहिला. त्या दिवसापासून गुंडाळीतला तो एक आरसा उघडाच आहे, आणि तो चमकताना दिसल्याशिवाय उत्तमसिंग जीप दारातून हलू देत नाही.