मधली मांडी

नागम्माला यातून काहीच मिळणार नव्हतं, म्हणून तर तिला मांडी द्यायला बसवलं होतं.

हिशोब साधा होता. जळकोटजवळच्या या घरात आज्यापासूनची रीत होती: बापाचा जीव ज्या लेकाच्या मांडीवर जाईल, विहिरीचा मळा त्याचा. बाकीचं कोरडवाहू निम्मं-निम्मं. मळा तीन एकराचा, विहिरीला वैशाखातही पाणी. तलाठ्याकडचे कागद मागाहून होत राहतात, आधी मांडी. त्यामुळे गुरुपादप्पांनी अन्न सोडलं त्या दिवसापासून त्यांचे दोन लेक आळीपाळीनं बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसत होते. धाकटा अमरेश तीन वर्षं बापाचं हागणंमुतणं काढत याच घरात होता. थोरला श्रीमंत तीन दिवसांपूर्वी लातूरहून गाडी घेऊन आला होता. पाळी मात्र दोघांची सारखी. चार-चार तास, मोबाईलवर गजर लावून.

अडचण होती जेवणाची. आपल्या पाळीत भूक लागली तर उपाशी राहायचं, की भावाला मांडी द्यायची? आणि तेवढ्यात बापानं डोळे मिटले तर? शेवटी ठरलं, दोघांनी एकदमच उठायचं, एकाच पंक्तीला बसायचं. तेवढ्या वेळेपुरती एक बिनहक्काची मांडी पाहिजे होती. थोरली बहीण देगलूरहून आलेलीच होती. तिनं दोन वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही करून एक लुगडं आणि जिलबीचं जेवण पदरात पाडून घेतलं होतं.

"अक्का, तू बस," श्रीमंत म्हणाला. "तुझं काई वाकडं होत न्हाई यात."

"सरळ तरी काय झालंय," नागम्मा म्हणाली, आणि बसली.

अंगणात पत्र्याखाली ताटं वाढली गेली. आत अप्पांनी मान हलवली. त्यांना दिसणं बंद होऊन वर्ष झालं होतं.

"कोन हाय?"

"नागम्मा."

 अप्पांचा श्वास आत जायचा आणि बाहेर यायचं विसरून जायचा.

"तू कशाला बसलीस," ते म्हणाले. "थोरल्याला बोलव."

"जेवायलेत दोघं. पाच मिनिटं, अप्पा."

अप्पांनी हात उचलला. आशीर्वादासाठी डोकं शोधत तो हात हवेत फिरला. नागम्मा वाकली आणि तिनं आपलं डोकं त्याखाली दिलं. बोटं केसांवरून मागं गेली. अंबाडा लागला. हात उचलला गेला आणि गादीवर पडला.

"थोरल्याला," अप्पा म्हणाले. श्वास आत गेला. या वेळी तो आतच राहिला.

नागम्मानं वाट पाहिली. मग नाकापाशी बोट धरलं. हंबरडा गळ्यापर्यंत आला होता. लेकीचा हंबरडा निघाला असता तर दोघं भाऊ एकदम धावले असते, आणि आधी श्रीमंत पोचला असता. पाळी त्याचीच होती. तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. अंगणात श्रीमंत कुणाला तरी ठेचा आणायला सांगत होता.

थोड्या वेळानं तिनं पदर काढला, आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली.

"अरे, अप्पांचं धोतर खराब झालंय. या कुणीतरी."

बाहेर दोन ताटं होती. एक ताट सरकल्याचा आवाज आला. श्रीमंतचा आवाज आला, "अमरेश, जा रे. मला ते जमत न्हाई, तुला म्हाईत हाय."

अमरेश हात धुऊन आत आला. धोतर कोरडं होतं. त्यानं सवयीनं बापाच्या मानेखाली हात घातला आणि तसाच थांबला. त्या अंगाला त्याच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"अक्का."

"बस. डोकं धर."

"अक्का, हे—"

"धर म्हनते ना."

तो बसला. डोकं या मांडीवरून त्या मांडीवर गेलं. नागम्मा उभी राहिली, लुगडं झटकलं, दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "श्रीमंत, अप्पा गेले रे. अमरेशच्या मांडीवर गेले."

श्रीमंत उष्ट्या हातानं आला. आधी त्यानं मोबाईल पाहिला, मग बापाला.

"पाळी माझी हाय."

तो गुडघे टेकून बापाच्या तोंडाशी वाकला.

"काई बोलले का अप्पा? जाताना? कुनाचं नाव घेतलं?"

अमरेश खाली पाहत होता. त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकटीला.

"न्हाई," नागम्मा म्हणाली.

श्रीमंतनं पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली.

दुपारपर्यंत गाव गोळा झालं. अप्पांना आंघोळ घातली, विभूती लावली, भिंतीशी टेकवून बसवलं. मळा अमरेशला गेला, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. श्रीमंतच्या वाट्याला 'पाळी माझी होती' एवढं वाक्य आलं. ते त्याला जन्मभर पुरणार होतं. मातीला जाताना तो बहिणीच्या समोरून गेला आणि थांबला नाही. रडून रडून सुनांचे आवाज बसले. नागम्मा खांबाला टेकून बसली होती. तिनं दोनदा तोंड उघडलं. आवाज आला नाही.

शेजारच्या गुणाबाईनं कोपरानं जावेला खुणावलं.

"बघ गं, डोळ्याला टिपूस न्हाई."

"सही देऊन मोकळी झालेली हाय ती," जाऊ म्हणाली. "हिचं काय गेलंय?"