उठण्याची ढब

"पोरी, जरा चालून दाखव," अण्णाराव म्हणाले.

सिंधु पोह्यांचं ताट ठेवून दारापर्यंत गेली, परत आली. पंढरीला ती केव्हाच पसंत होती. पण वडिलांच्या होकाराशिवाय सुपारी फुटणार नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात अण्णाराव देवणीकडच्या तलावाच्या कामावर मुकादम होते. कोण घमेलं कमरेतून उचलतो, कोण गुडघ्यातून, हे पाहून ते माणसं नेमायचे. दुष्काळ सरला, लातूर वेगळा जिल्हा झाला, तरी गावात कुणाला मुलगी पाहायची असली की लोक त्यांनाच सोबत न्यायचे. आज पाळी स्वतःच्या मुलाची होती.

"चाल आईची हाय," ते म्हणाले. "डोक्यावर भरलं घमेलं अन् हात मोकळे. केवळाबाई चालायल्या की बाकीच्या बाया थांबून बघायच्या."

"अजून याद हाय तुम्हाला?" सिंधुचे वडील शेषेराव हसले. "मी तवा हैदराबादला, मिलमधी. अधूनमधून यायचो. हिनंच घर तगवलं."

"लई वंगाळ दिवस. पण दुपारी झाडाखाली सुकडी खाताना माणसं काय हसायची!"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"आता खाली बस, पोरी. भुईला हात न लावता ऊठ."

पंढरीने लाजून मान खाली घातली. सिंधु बसली. उठताना तिने डावा हात उजव्या गुडघ्यावर ठेवला, कमरेत वळून उभी राहिली आणि उजवा खांदा झटकला.

"लहानपणापासून असंच," शेषेराव म्हणाले. "आम्ही चिडवतो, मुंगळा चढला का म्हणून."

अण्णाराव हसले नाहीत. हातातली कपबशी त्यांनी खाली ठेवली.

"कमरेत दोष हाय. जमणार न्हाई."

"आबा!" पंढरी वडिलांकडे वळला. "दोन-दोन घागरी आणती ती हिरीवरून. दोष कसला?"

"न्हाई म्हणलं ना!"

सिंधु आत निघून गेली.

"मुकादम, पुन्हा एकदा बघा की," शेषेराव काकुळतीला आले. "तुम्ही नापास केलेली पोरगी कोण करील?"

"गावात सांगा, मुकादमाचीच नजर गेली."

पंढरी तडक बाहेर पडला. त्याला समजवायला शेषेराव मागोमाग धावले. अण्णाराव सतरंजीवर बसूनच राहिले.

केवळाबाई दारात आल्या.

"उठा आता, मुकादम," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी बघत न्हाई."

अण्णारावांनी डावा हात उजव्या गुडघ्यावर ठेवला, कमरेत वळून ते उभे राहिले आणि त्यांनी उजवा खांदा झटकला.