टेबलावरचा जुना गिअर

साहेब, लिलावात ती ऑटोमॅटिक गाडी मला विकताना कागदावर आधीच्या मालकाच्या नावाची जागा तुम्ही मुद्दाम कोरी ठेवली.

स्टेअरिंगजवळचा गिअरचा दांडा आपोआप सरकायचा. म्हणून मलकापूरच्या कडूबा मिस्त्रीनं तो काढला आणि दोन सीटांच्या मधे, खाली, नवा गिअर बसवून दिला. जुना दांडा पी-आर-एन-डी अक्षरांच्या पट्टीसकट त्याच्या गॅरेजातल्या टेबलावर पडला होता. तो आता कशालाच जोडलेला नव्हता.

"म्हातारा झाला रिटायर," कडूबा हसला.

माझी पोरगी काजल गाडी घेऊन हिवरा आश्रमला निघाली. तिनं नवा गिअर 'डी'वर, म्हणजे पुढं जायला, टाकला, अन् टेबलावरचा दांडाही 'डी'वर सरकला.

कडूबाचं हसू गेलं. "हात लावला काय, भाऊ?"

"नाही बा."

अर्धा तास आम्ही दोघं तिथंच बसलो. मग आमच्या डोळ्यांदेखत दांडा सावकाश 'आर'वर गेला. म्हणजे रिव्हर्स.

मी काजलला फोन लावला.

"बाबा, मी तं सरळच चालली. काऊन?"

तेवढ्यात तिचा आवाज बदलला.

"बाबा, झाडं मागून पुढं काऊन जाऊन राह्यली?"

साहेब, फोन अजून चालू आहे. त्या कोऱ्या जागेवर कोणाचं नाव होतं? आत्ता सांगा.