दिवा न सोडलेलं पेव

गाव तरोट्याचा पाला खाऊन राह्यलं होतं अन् आमच्या परसात, जमिनीतल्या पेवात, तीन सालांची ज्वारी दडलेली. सरकारी लेव्हीचं धान्य वसूल करणारा साहेब चावडीवर आला, तसं थोरल्या लेकानं ज्वारी हलवायला पेव उघडलं. मी बजावलं, "आधी दिवा सोड. इझला तर आतली हवा इखारी, मरण हाये." "माय, येळ न्हाई," म्हणत त्यानं पायलीभर ज्वारीच्या बोलीवर सटवा गड्याला दोर बांधून आत सोडलं. सटवा खोकला, मंग ओ देईना. "मेला! दोर सोडा, माती लोटा," लेक दोर धरलेल्या गड्यांवर खेकसला. धावत येऊन दोराला झोंबलेल्या सटवाच्या बायकोला त्यानं लाथ घातली. मी मुसळ उचलून पोटच्या पोराच्या गुडघ्यावर घातलं. हाड वाजलं. गड्यांनी दोर ओढला; वर मढंच आलं. लेक गुडघा धरून गुरासारखा ओरडत होता. "ओरड," मी म्हणाले, "चावडीपर्यंत ऐकू जाऊ दे. साहेबाला पेव हुडकायचा तरास नको."