एका वेळी एक ओळ

गाणं अजून हिरव्या भातातच होतं, आणि गवरीच्या मखरावरचे दिवे लालभडक झाले.

"अगं बया, शेताला आग लागली!" फेर धरलेल्या बायकांतून भागी ओरडली आणि हशा पिकला.

हर्षला मखराशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. खालापूरहून पोशीरला सून होऊन आल्यावरची ही तिची पहिली गवर. फुगडी तिला येत नव्हती, फेरात पाय चुकायचे. म्हणून तिने आपण होऊन दिव्यांचं काम अंगावर घेतलं होतं. चुलतसासू सोनुकाकी गाणार, बायका नाचणार आणि दर कडव्याला मखराचा रंग बदलणार. काकींचं गाणं तिने परवाच फोनवर भरून घेतलं होतं आणि कुठलं कडवं कधी येतं ते पाहून प्रोग्राम बसवला होता. एकदा सुरू केला की पुढचं सगळं आपोआप.

पण सोनुकाकी आज फोनमधल्यासारख्या गात नव्हत्या. मधेच थांबून कुणाच्या तरी लुगड्याचं कौतुक करत होत्या. आवडलेली ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होत्या. दिवे मात्र ठरल्या वेळेला पुढे पळत होते. गाण्यातली गवर बांधावर होती तेव्हाच दिव्यांनी तिला घरात आणून बसवलं, आणि ती खरोखर उंबऱ्याशी आली तेव्हा मखर काळंठिक्कर पडलं.

फेर थांबला.

"सूनबाय," सोनुकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी बत्ती कोनाच्या गान्यावर चाललीय गं? माज्या तर नाय."

हर्षलाचे कान तापले. "काकी, तुम्ही परवा म्हटलंत ना, अगदी तसंच…"

"परवाचं परवा गेलं. आज गवर पुढ्यात हाय."

तिचा नवरा योगेंद्र दारातून पुढे आला. "राहू दे हर्षला, साधी माळ लावतो." त्याच्या हातात दिव्यांची माळ होतीच. म्हणजे त्याने ती आधीच आणून ठेवली होती. हर्षलाला ते जास्त लागलं.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "बायकांना पाणी द्या तोवर."

चालू प्रोग्राम तिने मधेच तोडला. पडद्याचे दोन भाग होते. वर तिने लिहिलेली फाइल, दर कडव्याच्या रंगाला एक ओळ; खाली काळी खिडकी. त्या खिडकीतल्या शेलला, म्हणजे हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामला, एक ओळ द्यावी, तो ती तिथल्या तिथे करून दाखवतो आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसतो. दिवे जोडताना ती तसंच करायची. वरच्या एका ओळीवर यायचं, दोन कळा एकदम दाबायच्या, ओळ खाली जायची आणि रंग बदलायचा. सगळं जमल्यावर तिने त्या ओळींमध्ये थांबायचे सेकंद भरले होते. आता तेच सेकंद तिने भराभर खोडून टाकले.

"काकी, म्हणा. थांबा, परत म्हणा, कसंही म्हणा. मी ऐकतेय."

सोनुकाकींनी पदर खोचला.

"आली आली गवर माजी पोशीरच्या वाटं,
हिरवं हिरवं भात झुलं दोन्ही काठं…"

हर्षलाने ओळ पाठवली. मखर हिरवं झालं. पण घाईत कळा दोनदा दाबल्या गेल्या, पुढचीही ओळ गेली आणि सगळं पांढरं लखलखलं. ती झटकन वर गेली, हिरव्यावर आली, पुन्हा पाठवली. भागीने तेवढ्यात डोळे मिचकावलेच.

काकी भातातून हलेनात. मखरही हिरवंच राहिलं. मग काकींनी मुद्दाम अर्ध्या ओळीत श्वास घेतला आणि तिरक्या नजरेने पाहिलं. दिवे जागचे हलले नाहीत. तशी त्यांनी ओढ्याचं अख्खं कडवं गाळून एकदम उंबराच गाठला! हर्षलाने मधली ओळ सोडून खालची पाठवली. मखरावर कुंकवाचा रंग पडला. काकींच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि फेराने वेग घेतला. दारात माळ घेऊन उभा असलेला योगेंद्र ती खाली ठेवून टाळ्या वाजवू लागला.

गवर पाटावर बसली. शेवटची ओळ गेली. फाइल संपली.

काकी थांबल्या नाहीत. त्या वळल्या आणि हर्षलाकडे हात करून त्यांनी नवंच कडवं धरलं.

"खालापूरची सून आमची बसली कोन्यात,
सोनं नाय आनलं, उजेड आनला गोन्यात!"

बायका खिदळल्या. या कडव्याची ओळ हर्षलाकडे नव्हतीच. कर्सर कोऱ्या जागेवर लुकलुकत होता. सोनं, तिच्या मनात आलं. सोनेरीसाठी तिने अंदाजाने रंगाचे तीन आकडे लिहिले आणि पाठवले. खाली लाल अक्षरं उमटली. कंस बंद करायचा राहिला होता. काकींनी तेच कडवं पुन्हा एकदा फिरवलं. हर्षलाने कंस मिटला आणि पुन्हा पाठवलं.

सोनेरी काही निघालं नाही. भिंती, गवरीचा मुखवटा, बायकांचे घामेजलेले चेहरे, सगळं पिवळंजर्द झालं.

"हळद गं, हळद!" भागी ओरडली.

हर्षला आकडे बदलायला वाकली. तिने एक आकडा खोडला असेल नसेल, तोवर साठी उलटलेल्या सोनुकाकींनी पिवळ्या झालेल्या आपल्या हातांकडे पाहिलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि त्या त्याच चालीत गायला लागल्या,

"हळद लागली गवरीला, हळद लागली मला…"