पाळण्यावरचं जाळं

"मिसबाई, हे उलटं टांगलं तर?"

मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या मिसबाई स्टुलावर चढून अजीजुन्निसाच्या बाळाच्या पाळण्यावर वाईट स्वप्नं अडकवणारं एक कडं बांधत होत्या. लवचिक फांदी वाकवून केलेलं कडं, आत दोऱ्यांचं जाळं, मधोमध भोक, खाली एक पीस. शेजारच्या खाटेवरून नंदा डोळे ताणून बघत होती.

"उलटं कशाला?" मिसबाई हसल्या. "माझ्या देशात ओजिब्वे लोक आहेत, मोठ्ठ्या तळ्याच्या काठी. त्यांच्या एका आजीनं मला दिला हे. त्यांची कोळीण सगळ्या लेकरांना सांभाळते..."

"कोळीण? मासे विकणारी?"

"नो, नो! आठ पाय!" मिसबाईंनी बोटं नाचवली. "लोक लांब लांब गेले, तिला सगळीकडे जाता येईना. मग आया-आज्या पाळण्यावर तिचं जाळं विणतात. वाईट स्वप्न अडकते. चांगलं स्वप्न भोकातून खाली येतो."

तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं! नंदाचं स्वप्न चांगलंच होतं, आणि तेच अडकायला हवं होतं. इतकं गोड, की उठल्यावर जिभेवर चव राहावी. बद्रीदादा घरी आलाय, ताटावर बसलाय, आणि भाकरी वाढता वाढता ती विचारतेय, "दादा, पिंपळगावहून मामाच्या मळ्यातून चालतच आलास का रे?"

बस, एवढंच. पण हे ती झोपेत मोठ्यानं बोलायची. आई म्हणायची, चांगली खणखणीत बोलतीस. आणि चावडीवर तिरंगा लावून बद्री पळाला तेव्हापासून निजामाचे पोलीस त्याला धुंडत होते. ज्या कमरोद्दीन जमादारानं घरातली कणगी उलटीपालटी केल्ती, तोच अजीजुन्निसाचा नवरा. मुलगा झाल्यापासून रोज तिसऱ्या प्रहरी यायचा आणि दोन खाटांच्या मधे स्टूल टाकून बसायचा.

आज तर नंदाच्या तापाची पाळी. दिवसाआड, बरोब्बर त्याच वेळेला हुडहुडी, मग ताप, मग मेल्यासारखी झोप. हलवून उठवायला आईसुद्धा जवळ नव्हती, मस्तगडला मावशीकडे पेज आणायला गेल्ती.

"झोपेतलं बोलणं बंद करता येतं का हो, मिसबाई?"

"दिवसभर जे तू गिळते, ते झोपेत वर येते," मिसबाई स्टुलावरून उतरत म्हणाल्या. "कोणाला तरी सांगून टाक. मग नाही येत."

सांगून टाक म्हणे! कुणाला? जागेपणी ओठ शिवून बसते ती मीच, नंदाला वाटलं, आणि झोपेत बडबडते ती पण मीच. मग मला न विचारता माझं तोंड चालवतंय कोण?

मिसबाई गेल्या तशी अजीजुन्निसा कुशीवर वळली.

"नंदा, तू नींद में बहोत बाता करती गे. कल बी करी."

नंदा कोपरावर उठली. "काय बोलले मी?"

"मेरे कू क्या मालूम? मेरे कू मराठी नहीं आती."

न्हाई येत? अन् सकाळी झाडूवाली द्वारकाबाई सासूची गाऱ्हाणी सांगत होती, तेव्हा पोट धरून कोण हसत होतं? द्वारकाबाई काय उर्दूत रडते?

म्हणजे ऐकलंय हिनं. ऐकलंय आणि लपवतेय. नवऱ्यासाठी राखून ठेवतेय.

बोटं गार पडली, दात वाजायला लागले. नंदानं पांघरुणात हात घालून मांडीला करकचून चिमटा घेतला. डोळे जड झाले की अजून एक. पांघरूण सरकलं तेव्हा मांडी लालेलाल झालेली.

"अगे, चमडी निकालती क्या?"

"डास चावला," नंदा म्हणाली.

बुटांचा आवाज आला. जमादारानं आधी पाळण्यात डोकावून पाहिलं, मग स्टूल ओढलं. "काय पोरी, भावाची काही खबर?" मराठी अगदी अस्सल.

"न्हाई जी."

तो बायकोकडे वळला. बाळाचं नाव काय ठेवायचं यावर दोघांचं चाललं होतं. हुडहुडी गेली, अंग तापलं, खाट पाण्यावर ठेवल्यासारखी डुलायला लागली. झोपायचं न्हाई, झोपायचं न्हाई. नंदानं त्या जाळ्यावर नजर खिळवली. मधलं भोक मोठं होत गेलं, दाराएवढं झालं, आणि त्यातून वाकून, पायाला मळ्यातला चिखल घेऊन, बद्रीदादा आत आला. हसत होता. ताटावर बसला. तिनं भाकरी पुढे केली.

"दादा, पिंपळ..."

कान फाटतील असा टाहो!

नंदा दचकून उठली. बाळ पाळण्यात लालबुंद होऊन किंचाळत होतं. जमादार कानावर हात ठेवून उभा. "इसकू एकदम क्या हुआ? अबी तो सोया था!"

"भूक लगी हुंगी. तुम जाओ जी, मैं दूध पिलाती."

जमादारानं टोपी उचलली. बुटांचा आवाज व्हरांड्यातून दूर दूर गेला.

अजीजुन्निसानं बाळाला उचलून खांद्याशी धरलं. ते अजून हुंदके देत होतं. तिचा हात लागून पाळण्यावरचं जाळं झुलत राहिलं.

"मी बोलले का?" नंदानं विचारलं.

अजीजुन्निसा बाळाला थोपटत राहिली. बाळाचं दुपटं सरकलं होतं. त्याच्या इवल्याशा मांडीवर लालभडक वळ उठला होता.

"हे काय झालं त्याला?"

अजीजुन्निसानं दुपटं ओढून मांडी झाकली.

"डास चावला गं," ती म्हणाली. "झोप आता."