डाव्या हाताचं कपाट

"हे कुठल्या कपाटातलं, सांगा बघू," असं म्हणत ग्रंथपाल बाईंनी एक जाडजूड पुस्तक काकूंच्या मांडीवर ठेवलं.

काकूंनी पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली. वरचा कोपरा कुरतडलेला होता. "खलाशाचं! जहाज फुटतं आणि हा एकोणीस दिवस फळीवर तरंगतो. गोष्टच ती. डावीकडचं."

"उजवीकडून काढलं मी आत्ता."

"काहीतरीच! एकोणीस दिवस माणूस जगतो होय?"

"उजवीकडे होतं म्हणजे खरं. सरांचा नियमच होता तो. खरं उजव्या हाताला, रचलेलं डाव्या हाताला. ग्रंथालयात एकदा मी प्रवासवर्णन कादंबऱ्यांत ठेवलं, तर दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी."

काकू खुदकन हसल्या. सर म्हणजे त्यांचे यजमान. जाऊन दोन महिने झाले होते. आयुष्यभर ग्रंथपाल होते, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाई आता त्यांच्या खुर्चीवर बसत होत्या. घरातली सगळी पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची, हे सर लिहून गेले होते. उद्या सकाळी टेम्पो येणार होता. त्याच टेम्पोत काकूंची ट्रंकही जाणार होती, भाच्याकडे. भाचेसुनेनं आधीच बजावलं होतं, "आत्या, एक पुस्तक आणा. जास्त नको, घर लहान आहे."

सदतीस वर्षं सर रोज दुपारी जेवणानंतर तासभर वाचायचे आणि काकू ऐकायच्या. काय ऐकलं ते ठाऊक होतं. कुठल्या कपाटातलं ऐकलं ते आज कळत होतं. मधमाश्यांचं पुस्तक खरं निघालं, यात नवल नव्हतं. पण विष देणारा राजाचा आचारी चक्क रचलेला निघाला. त्याला काकूंनी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या होत्या. भूकंपात दडपलेली शाळा मात्र खरी होती, आणि ते पुस्तक काकूंनी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवलं.

"सरांसारखा माणूस बघितला नाही मी," बाई धूळ झटकत म्हणाल्या. "बढती नाकारली, बदली नाकारली. का, तर तुम्हाला वाचून कोण दाखवणार!"

"डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले, माझा हात धरला आणि म्हणाले, आता मी वाचेन, तू ऐक. त्यानंतर एक दुपार चुकवली नाही." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बरं, माझं पुस्तक काढ आता. मला तेच न्यायचंय. डावीकडे, तिसरा कप्पा. हिरवं कापड, वर नाव नाही. फाटलं होतं म्हणून यांनीच बांधलं होतं."

बाईंनी तिसरा कप्पा बघितला. मग दुसरा, मग चौथा.

"नाही हो."

"नीट बघ. लंगडीची कादंबरी ती." काकूंचा आवाज चढला. "तेवढी एकच मागतेय मी, बाकी सगळं घेऊन जा."

"बघते. कसली गोष्ट आहे?"

"एका लंगड्या बाईची. डॉक्टर नवऱ्याला सांगतात, लगेच ऑपरेशन केलं तर पाय बरा होईल. आणि हा घरी येऊन तिला सांगतो, काही उपाय नाही म्हणून! का, तर चालायला लागली की ही आपल्याला सोडून जाईल. दर वर्षी एकदा वाचायला लावायचे मी. लोळून हसायचे."

"हसायच्या?"

"मग काय! दुसरा डॉक्टर मेला होता का गावातला? अक्कल गहाण टाकलेली बया. हे विचारायचे, तुला त्या नवऱ्याचा राग नाही येत? मी म्हणायचे, त्याचा कसला राग, त्या मूर्ख बाईचाच येतो. मग हे पाणी प्यायचे आणि पुस्तक मिटायचे. शेवट काही ऐकायला मिळाला नाही कधी. पुढची पानं वाळवीनं खाल्लीत म्हणायचे."

"सापडलं!" बाईंचा आवाज खालून आला. त्या जमिनीवर बसल्या होत्या. "हिरवं कापड, नाव नाही. उजवीकडे होतं, अगदी खाली, आत्मचरित्रांत."

"उजवीकडे?" काकूंनी टाळी वाजवली. "म्हणजे हेही चुकले म्हणायचे! बरं झालं, तुझा दिवसभराचा अबोला फिटला."

बाईही हसल्या. "वाळवीबिळवी काही नाही याला. पानं सगळी धड आहेत. शेवटची दहा-बारा मात्र कोरीच आहेत. आणि छपाई कसली गमतीशीर, आपल्या ग्रंथालयातल्या कार्डांसारखी. टाइपरायटरवर केल्यासारखी."

"जुनं असेल. पहिलं पान वाच. यांच्या तोंडून ऐकलेलं दुसऱ्याच्या तोंडून कसं वाटतं, बघू दे."

बाईंनी चष्मा पुसला आणि खिडकीकडे सरकल्या.

"'डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत ऑपरेशन झालं तर बरी होईल. मी मान हलवली. बाहेर बाकावर...'"

"'...बाहेर बाकावर लंगडी बसली होती,'" काकूंनी हौसेनं वाक्य पुरं केलं. "पाठ आहे मला."

"'लंगडी' नाहीये, काकू," बाई पानावर वाकून नीट बघत म्हणाल्या. "इथं सगळीकडे 'आंधळी' आहे."